तिकडं उघडली पायजे

आमच्या मुलीचं नाव जुई आहे. नातेवाइकांना आम्ही सांगतो की ते फुलावरून ठेवलं. ते खरं नाही. ते सीडीवरून ठेवलं.

बारशाच्या आदल्या दिवसापर्यंत तिचं नाव मंदाकिनी असणार होतं. माझ्या आईच्या आत्याचं नाव. आईनं ते पक्कं केलं होतं आणि मला सांगितलं होतं. आमच्या घरात मला निर्णय झाल्यावर विचारतात. बारशाच्या फोटोंची सीडी करायची म्हणून मी ते नाव घेऊन घरमालकांकडे गेलो. त्यांनी ते इंग्रजीत पुटपुटून बोटांवर मोजलं आणि मान हलवली.

"नऊ अक्षरं होऊन राह्यले, मास्तर. प्लॅटफॉर्म आठ डब्यांचा हाय. एक डबा बाहेर उभा राहीन."

"काका, फाइलला वेगळं नाव देऊ ना."

"फाइलीचं वेगळं अन् पोरीचं वेगळं? अन् उद्या तिकडच्या मशीननं शेवटचं अक्षर खाल्लं, मंग? मंदाकिन म्हून फिरवता काय तिले? तापाची गोळी वाटते थे."

मी हे हसण्यावारी नेणार होतो. पण बायकोनं दाराआडून ऐकलं होतं. तिला मंदाकिनी मुळातच नको होतं, आणि सासूला नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. आता तांत्रिक कारण मिळालं. दुसऱ्या दिवशी पाळण्यात जुई ठेवली गेली. तीन अक्षरं. प्लॅटफॉर्मवर पाच डब्यांची जागा शिल्लक.

सगळं गाव त्यांना पार्सलबाबू म्हणायचं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची नोकरी झाली, तिथूनच ते निवृत्त झाले. मला सिंदी रेल्वेला शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. घर लाइनीच्या इतकं जवळ की मालगाडी गेली की फडताळातली पातेली आपसात बोलायची. काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या, मुलगा कॅनडात. मोठ्या घरात ते एकटे, आणि त्यांचा संगणक.

खोल्या पाहायला गेलो त्या दिवशीची गोष्ट. ते बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबले आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिले. मला वाटलं, भाडेकरू पसंत पडला नाही. मी घाबरून एकेक कबुली देत गेलो. आमच्याकडे पाहुणे फारसे येत नाहीत. रेडिओ हळू लावतो. अंडी खात नाही. (खातो.) त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही, फक्त ओठ बारीक हलताहेत. मागून मालगाडी जात होती. शेवटचा डबा गेला, ते आणखी क्षणभर तसेच थांबले, जणू कुणी काही विचारणार आहे. मग जिथं वाक्य तुटलं होतं तिथूनच म्हणाले, "...अन् नळ सकाळी येते."

ते डबे मोजत होते. प्रत्येक मालगाडीचे, प्रत्येक वेळी. मोजायचे, आणि आकडा कुणालाच सांगायचे नाहीत. मला ते विचित्र वाटायचं. सांगायचा नाही तर मोजायचा कशाला? पण भाडेकरूनं मालकाला विचारायच्या गोष्टींत हे बसत नव्हतं.

आज सीडी कुणाला दाखवली तर पोरं तिच्यात तोंड बघतात. तेव्हा तसं नव्हतं. फोटो, शाळेचे निकाल, लग्नाची चित्रफीत, सगळं सीडीवर चढायचं आणि कुरियरनं कुठंकुठं जायचं. आणि निम्म्या वेळा तिकडून फोन यायचा की उघडत नाही. काकांच्या मते जगात संगणकांची तीन घरं होती. एक विंडोजवाल्यांचं, म्हणजे आपल्यासारख्या सामान्यांचं. दुसरं मॅकवाल्यांचं, छापखान्यात आणि परदेशात असतं ते. तिसरं लिनक्सवाल्यांचं, तिथं फक्त शहाणी माणसं राहतात. एका घरची भाषा दुसऱ्याला कळेलच असं नाही. म्हणून सीडी अशी भरायची की तिन्ही घरी तिला आत घेतील. नावं आठ अक्षरांच्या आत, सगळी मोठ्या लिपीत, मध्ये जागा सोडायची नाही, मराठी तर मुळीच नाही, आणि खोक्यात खोकं खोक्यात खोकं करत फार खोल जायचं नाही.

"आपल्याकडं उघडली म्हंजे काईच झालं नाई," ते म्हणायचे. "इकडून पार्सल निघालं हे कोनीबी सांगते. तिकडं उघडल्यावर आतून काय निघालं, थे सांगा. तिकडं उघडली पायजे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं ते सुरू झालं की मी मनातल्या मनात पूर्ण करायचो आणि थकून जायचो.

सीडी भरायची वेळ म्हणजे घरात सुतक. ड्राइव्ह जुना, चारच्या वेगाचा. सीडी फिरायला लागली की पंखा बंद. चपला काढून चालायचं. बायकोनं खलबत्ता हातात घेतला की भिंतीवर दोन टकटक यायच्या, म्हणजे आत्ता नको. एकदा तर तिची चटणी अर्धा तास थांबली होती. लाइट जाण्याचं वेळापत्रक ते लाइनमनला गाठून विचारून यायचे, आणि तरीही संगणकाखाली बॅटऱ्या दोन. सीडीवर बॉलपेननं लिहिलेलं दिसलं की ते अंगावर वळ उठल्यासारखा चेहरा करायचे. बाहेरच्या पाकिटावर मात्र पार्सलाच्या पावतीसारखी चिठ्ठी: पाठवणारा, घेणारा, नग एक.

इथल्या एका कापूस व्यापाऱ्यानं कोइमतूरच्या पार्टीला दाखवायला आपल्या कापसाचे फोटो सीडीवर घालून मागितले. फोटोंना त्यानं स्वतः हौसेनं नावं दिली होती: 'शेठजींचा एक नंबर कापूस पांढराशुभ्र फायनल' आणि 'त्याहून भारी फायनल'. सीडी हातात पडली तेव्हा आत नुसतं केएपीयूएस झिरो वन, केएपीयूएस झिरो टू.

"बाबूजी, माल माहा एक नंबरचा, अन् तुमी त्याले झिरो वन करून टाकलं?" शेठ ओट्यावर उभा राहून ओरडला. "पार्टी काय म्हनीन? झिरो पाहून भाव पाडीन थो!"

"शेठ, नाव मोठं ठेवलं असतं तर पार्टीले कापूसच दिसला नसता. मंग भाव कोनाचा पाडला असता?"

शेठ गेला. पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आला. काकांनी पेढा घेतला आणि विचारलं, "त्यांच्याकडं कोन्तं मशीन होतं?" सौदा झाला का, हे विचारलंच नाही.

तरी सीडी भरून झाली म्हणजे काम झालं असं नव्हतं. बुधवारी ते कापडी पिशवीत सगळ्या सीड्या घेऊन पॅसेंजरनं वर्ध्याला जायचे. तिथं एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवणाऱ्या एक ताई होत्या, त्यांच्याकडे मॅक. तिथून ऑटोनं सावंगीला. मेडिकलच्या पोरांसाठी सायबर कॅफे चालवणाऱ्या एका माणसानं आपली जुनी मशीनं लिनक्सवर घातली होती. प्रत्येक सीडी तिन्ही घरी उघडायची, शेवटची फाइल शेवटपर्यंत चालवून पाहायची, मगच ती मालकाला मिळायची. रस्त्यात कुणी विचारलं, "बाबूजी, आमची सीडी झाली काय?" तर उत्तर यायचं, "एक घर झालं. दोन राह्यले."

एक-दोनदा मीही बरोबर गेलो. परत येताना गाडीत ते खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटून बसायचे. "थकलो बाप्पा," म्हणायचे. मी म्हणायचो, "मग कशाला करता काका? लोक चालवून घेतात." ते डोळे न उघडता म्हणायचे, "लोकं चालवून घेते. सीडी नाई घेत."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या संगणकातून धूर निघाला. त्यांना बारीक ताप होता, म्हणून मी मोठ्या मनानं म्हणालो की मी वर्ध्याला नेऊन दुरुस्त करून आणतो. आयुष्यात मी ज्या ज्या वेळी मोठं मन केलं, त्या त्या वेळी कुणाचं तरी नुकसान झालं आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, सर, धूर पॉवर सप्लायचा आहे, तो बदलतो. पण हा सीडीचा ड्राइव्ह आजोबांच्या काळातला आहे, ह्याचा ट्रे अडकतो. मी म्हणालो, काढ आणि नवीन घाल. बावन्नच्या वेगाचा. मनात म्हटलं, काकांना दिवाळीची भेट. चटणीही थांबणार नाही.

संगणक घरी आणला, जोडला, आणि बाजूला उभा राहिलो. काकांनी समोरून पाहिलं. नव्या ड्राइव्हकडे बोट केलं.

"हा कोन?"

"नवीन आहे काका. बावन्नचा. आता चार मिनिटांत..."

"जुना कुठाय?"

"दुरुस्तीवाल्यानं टाकला असेल."

अंगात ताप, तरी उठले, पायात चपला घातल्या आणि चालू लागले. दोन्ही चपला वेगवेगळ्या होत्या, एक त्यांची आणि एक माझी. पॅसेंजरला वेळ होता म्हणून आम्ही एसटी पकडली, आणि केळझरपाशी एसटीचं चाक पंक्चर झालं. लोक खाली उतरले. गणपतीच्या टेकडीकडे बघून काकांनी हात जोडले, पण ओठ हलले नाहीत. मग रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्यांनी मला सांगितलं. माझ्याकडे न बघता, गाडीचं चाक बदलणाऱ्या ड्रायव्हरकडे बघत.

मुलगा कॅनडाला गेला तेव्हापासून काकूंना त्याच्याशी फोनवर बोलता यायचं नाही. फोन कानाला लागला की फक्त 'बरा हायस ना, जेवला काय' एवढंच सुचायचं. बाकी सगळं फोन ठेवल्यावर दिवसभर आठवायचं. म्हणून काकांनी नवा घेतलेला संगणक तिच्यापुढे ठेवला, माइक जोडला आणि म्हणाले, ह्याच्याशी बोल, हा घाई करत नाही. एका दुपारी ती चाळीस मिनिटं बोलली. त्यांनी ते सीडीवर चढवलं. अगदी शेवटी, सीडी बंद करायचं काम चालू असताना, लाइट गेली. लाइट आल्यावर त्यांनी सीडी घालून पाहिली. उघडली.

"माह्याकडं उघडली. मले वाटलं, झालं. तिनं कापडाची पिशवी शिवली, म्या लाख लावली. पार्सल असं केलं मास्तर, का जहाज बुडालं असतं तरी आत पानी गेलं नसतं."

महिन्याभरानं मुलाचा फोन आला. बाबा, सीडी कोरी आहे, दुसरी पाठवा. काका हसले, काकूंना सांगितलं. ती म्हणाली, मी काय पोपट आहे का, एकदा बोलली ते बोलली. मग संगणकात व्हायरस शिरला. दुकानदार म्हणाला, सगळं पुसावं लागेल. काका म्हणाले, पूस, आवाज काय, ती पुन्हा बोलेल कधीतरी. थंडीत ती तीन दिवसांच्या तापात गेली. मुलगा तेरवीनंतर चार दिवसांसाठी येऊन गेला. त्या चार दिवसांत सीडीचा विषय कुणी काढला नाही.

पुढं पुस्तकं वाचून वाचून काकांना कळलं की शेवटी बंद न केलेली सीडी दुसऱ्याच्या मशीनला कोरीच दिसते. ज्यानं लिहिली त्या मशीनला मात्र ती दिसते, आणि तेच मशीन तिला बंद करू शकतं.

"थे कोरी नाई, मास्तर. त्याची आई हाय तिच्यात. फक्त त्या ड्राइव्हले दिसते."

"मुलाला विचारलंत, ती सीडी आहे का म्हणून?"

"नाई."

"काऊन?" मीही त्यांच्यासारखं बोलून गेलो.

"इचारलं तर म्हनीन, कोरी होती, फेकली. इचारलं नाई तोवर हाय."

चाक बसलं. आम्ही एसटीत चढलो. पुढचा रस्ता मी बाहेर बघत होतो. तोंड लपवायला खिडकी बरी असते.

दुरुस्तीवाल्यानं ड्राइव्ह खरंच टाकला होता, पण आपल्याकडे टाकणं म्हणजे कोपऱ्यातल्या खोक्यात. काकांनी गुडघ्यावर बसून खोकं उपसलं. सारख्याच दिसणारे सात-आठ ड्राइव्ह निघाले. त्यांनी प्रत्येकाची मागची बाजू पाहिली. एकावर लाखेचा लाल ठिपका होता. तो त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पिशवीत ठेवला. मग दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "बाकीचे नीट ठेवजो बाबू. कोनाचं काय असते, सांगता येत नाई."

घरी आल्यावर मी सगळं बायकोला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग तुम्ही विचारा मुलाला."

"मी? मी भाडेकरू!"

"तुम्ही ड्राइव्ह फेकणारे. पत्ता त्यांच्या पाकिटांवर आहे, ईमेल काकांच्या वहीत आहे. बुधवारी जा."

निर्णय झाला होता. बुधवारी सावंगीच्या कॅफेत काका शेजारच्या मशीनवर कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो उघडून बघत होते, आणि मी अंगानं पडदा झाकून त्यांच्या मुलाला पत्र लिहीत होतो. पुढच्या बुधवारी उत्तर आलं. चार ओळी. 'पिशवी मी ठेवली आहे, आईची शिलाई आहे म्हणून. आत सीडी आहे का ते आठवत नाही. कोरी म्हणून कधी वापरायला काढली असेल तर देवच जाणे. घर बदललं, सामान खोक्यांत आहे, शोधतो. मे महिन्यात येतोय. बाबांना इतक्यात काही सांगू नका.'

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. काका रोज समोर. रोज कुणाची तरी सीडी. रोज 'तिकडं उघडली पायजे'. आणि मी तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा. मुलानं पुढे पत्र लिहिलं नाही. बायको म्हणायची, सापडली नसती तर लिहिलं असतं. आई म्हणायची, सापडली असती तर लिहिलं असतं. दोघींच्या मध्ये मी.

मे महिना म्हणजे आमच्याकडे कावळेसुद्धा सावलीत बसतात. मुलगा आला तो दुपारी, घामानं निथळत. पाणी पिण्याआधी त्यानं बॅगेतून कापडाची एक पिशवी काढून काकांच्या हातात दिली. बारीक, एकसारखी शिलाई. अर्धी लाख अजून चिकटलेली.

काकांनी पिशवी उलटसुलट केली. पार्सलबाबूच तो.

"लाख कोनी फोडली?"

"मीच बाबा. पाच वर्षांपूर्वी."

मग त्यांनी आत हात घातला. हात आत गेला तो बराच वेळ आतच राहिला. मला वाटलं, नाही. आणि मग सीडी बाहेर आली.

पंखा बंद झाला. मे महिन्यातल्या दुपारी, पत्र्याच्या घरात. आम्ही सगळे चपला काढून भिंतीला टेकून बसलो. बायकोच्या मांडीवर जुई, ती आता दोन वर्षांची, तीसुद्धा गप्प. जुना ड्राइव्ह गुरगुरला, थांबला. पडद्यावर काही नाही. सीडी कोरी. मुलानं मान खाली घातली. काकांनी ट्रे ओढला, अडकला, पुन्हा ओढला. सीडी काढून बनियनच्या कडेनं पुसली, मधून बाहेर, मधून बाहेर, गोल न फिरवता. पुन्हा घातली. ड्राइव्ह बराच वेळ गुरगुरला. मग पडद्यावर एक फाइल दिसली. नाव तीन अक्षरांचं, इंग्रजीत: आई.

मुलगा पुढे झाला. काकांनी त्याचा हात धरला. "थांब. आंदी बंद करू दे." आणि त्यांनी पाच वर्षांपूर्वी राहिलेलं काम केलं. काही मिनिटं लागली. त्या मिनिटांत लाइट गेली नाही; मुलगा येणार म्हणून सकाळी ते लाइनमनला जाऊन सांगून आले होते, काय सांगितलं ते मला माहीत नाही.

ह्याच्या कितीतरी नंतर एका जाणकारानं मला सांगितलं की अशी अर्धवट सीडी बहुतेक कुठल्याही सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये उघडली असती, तोच हवा असं काही नव्हतं. मी ते काकांना सांगितलं नाही. काही गोष्टी बरोबर नसल्या तरी चालतं.

सीडी बाहेर आली. मुलगा म्हणाला, "बाबा, लावा ना आता."

"इथं नाई. इथं तवाबी उघडली होती." ते आमच्या मागच्या खोलीकडे निघाले. "पयलं घर मास्तरांचं."

म्हणून काकूंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेच्या निकालांसाठी घेतलेल्या माझ्या विंडोजवाल्या संगणकातून, फडताळाशेजारी उभा राहून. पाहिलंही नव्हतं मी त्यांना. आवाज जरा चिरका, घाईचा. शेजारणीची म्हैस. मिरच्या वाळत घातल्या त्या माकडांनी नेल्या. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, मोडलं ते बरंच झालं. "तिकडं थंडी हाय म्हून डोक्याले बांधत जाजो, नाई तर तुह्या बापासारखं टक्कल पडीन." मुलगा हसला. त्याला हुंदकाही आला असावा, पण तो उकाड्यात खपून गेला.

मग त्या आवाजामागे गडगड सुरू झाली. मालगाडी. काकू मध्येच थांबल्या. "...अन् तुही मामी म्हनत होती का..." एवढ्यावर थांबल्या. डबे जात राहिले, धडधड, धडधड, आमच्या खोलीतून, मिनिटभर, त्याहून जास्त. शेवटचा डबा गेला.

"किती?" काकूंनी विचारलं.

लांबून, दुसऱ्या खोलीतून काकांचा आवाज आला. जवान नाही, पण आजच्याइतका थकलेला नाही. "एकोणसाठ."

"हं," काकू म्हणाल्या. "...का पुढच्या उन्हाळ्यात पोराले बोलवून घ्या."

आमच्यापैकी कुणी काकांकडे पाहिलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. चाळीस मिनिटं संपल्यावर त्यांनी सीडी काढून पाकिटात ठेवली आणि म्हणाले, "एक घर झालं."

दुसऱ्या दिवशी बाप-लेक पॅसेंजरनं वर्ध्याला गेले, ताईंच्या मॅकवर आणि मग सावंगीला. दोन्हीकडे उघडली. काकांनी तीन सीड्या केल्या. एक मुलगा घेऊन गेला, एक त्यांनी ठेवली. एक आमच्याकडे दिली. "भाडेकरूकडं असलेली बरी," म्हणाले. "मालकाच्या घरात आग लागली तर."

मुलगा गेला. पाऊस येऊन गेला, हवा निवली. एका संध्याकाळी मी आणि काका ओट्यावर बसलो होतो. ते मला समजावत होते की शाळेच्या निकालांच्या सीडीचं मी काय काय चुकवलं, आणि यादी मोठी होती. मालगाडी आली. ते थांबले. ओठ हलायला लागले. शेवटचा डबा गेला, आणि ते तसेच थांबून राहिले.

ती थोडी जादा शांतता मी तीन वर्षं पाहत होतो. आता मला तिचं कारण माहीत होतं. शब्द माझ्या तोंडात होता. पण हा शब्द आपला नाही, आपण भाडेकरू, असा विचार करत मी घसा साफ केला, आणि नेहमीसारखा उशीर केला.

आतून, कणकेतून हात न काढता बायकोनं विचारलं, "किती, काका?"

काकांनी दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अठ्ठावन," ते म्हणाले. "आज एक कमी हाय."

"हं," बायको म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले आणि जिथं वाक्य तुटलं होतं तिथूनच म्हणाले, "...अन् दुसरी चूक."